म्युनिकला निघालोय, मुलांना कोणत्या शाळेत घालू?

"मॅडम, इंटरनॅशनल शाळा की तिथली सरकारी, तेवढं सांगा." परदेशी निघालेले बहुतेक आईबाबा याच प्रश्नाने सुरुवात करतात. पुण्यातलं हे जोडपंही तसंच आलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडिलांना म्युनिकमध्ये तीन वर्षांच्या करारावर नोकरी मिळाली होती. मुलगा नऊ वर्षांचा, नुकतीच तिसरी झालेली. मुलगी पाचची. ऑगस्टमध्ये निघायचं होतं आणि आईच्या वहीत शाळांची यादी, फीचे आकडे, बसचे मार्ग सगळं टापटीप लिहिलेलं होतं.

मी विचारलं, "परत कधी येणार?"

"तीन वर्षं राहू, मग बघू," वडील म्हणाले. त्याच दमात आई म्हणाली, "मला नाही वाटत आपण परत येऊ." दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. घोडं खरं तर इथेच अडलं होतं. त्यांना मी आठवडाभर वेळ दिला आणि शाळांची वही मिटून ठेवायला सांगितलं.

परतायचं नक्की असेल तर इंग्रजी माध्यमाची इंटरनॅशनल शाळा सोयीची. मूल परत आल्यावर इथल्या वर्गात लवकर रुळतं. फक्त नववीच्या आत परतावं, कारण सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि एकदम दहावीत प्रवेश मिळवणं जिकिरीचं असतं. दोन मुलांची फी कंपनी भरणार का, हे मात्र ऑफर लेटरमध्ये लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर कुणीही तिकिटं काढू नयेत.

आठवड्याने दोघं ठरवून आली: जमलं तर तिथेच राहायचं. मग स्थानिक शाळा. तिथे सरकारी शाळेला फी नसते आणि प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून घर शोधतानाच शाळा बघावी लागते. गोवराच्या लशीच्या दोन डोसांची नोंदही शाळा मागते. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.

अवघड भाग पुढे होता. म्युनिक जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात येतं, आणि तिथे चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मेच्या सुरुवातीला शाळा जो दाखला देते त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाऊ शकतं. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 6 म्हणजे तळ. बाहेरून आलेल्या मुलांना सवलत मिळू शकते, पुढे वाट बदलताही येते. तरी सप्टेंबरच्या मध्यावर चौथीत बसलेल्या, जर्मनचा गंधही नसलेल्या मुलाला मेपर्यंत आठ महिनेसुद्धा मिळत नाहीत. म्हणून मी सुचवलं, तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा आणि त्याला पुन्हा तिसरीत बसवता येईल का विचारा.

"म्हणजे वर्ष वाया घालवायचं?" वडिलांचा चेहरा पडला. आपल्याकडे या दोन शब्दांची फार धास्ती आहे. पण नवीन भाषा शिकण्यात गेलेलं वर्ष वाया कसं जाईल? नऊ वर्षांच्या मुलाला घाई नसते. घाई आपल्याला असते.

मुलाशी मी एकटीच बोलले. तिसरी की चौथी, याचं त्याला काहीच नव्हतं. बराच वेळ खोडरबर कुरतडून झाल्यावर त्याने विचारलं, "मला शू लागली तर टीचरला सांगायचं कसं?" ही त्याची खरी काळजी होती, आणि घरात कुणाच्याच ती कानावर आली नव्हती. वडिलांनी फोनवर ते जर्मन वाक्य शोधलं आणि आम्ही तिघांनी मिळून त्याच्याकडून पाठ करून घेतलं.

धाकटीचा प्रश्न सोपा. तिला बालवाडीत घाला, पण अर्ज इथूनच करा. म्युनिकमध्ये जागा पटकन मिळत नाही.

जायच्या आधी दोन गोष्टी मी बजावून सांगितल्या. सुरुवातीचे काही महिने मुलं वर्गात गप्प राहतात, नुसतं ऐकतात. त्याला घाबरू नका. आणि घरात मराठीच बोला, मोडक्या जर्मनमध्ये मुलांशी बोलायला जाऊ नका.

मुख्याध्यापकांनी त्याला तिसरीत घेतलं. डिसेंबरमध्ये आईचा फोन आला, तो फक्त गणिताच्या तासाला बोलतो म्हणून. तिथल्या बाईंना त्याची काळजी नव्हती, मलाही नाही. वडिलांनी जर्मनची शिकवणी लावू का, असं विचारलं. मी म्हटलं, जरूर लावा, पण त्याआधी घराजवळच्या फुटबॉल क्लबात त्याचं नाव घाला.