जाताना आठ तास, येताना साडेनऊ
प्रश्न : माझी मुलगी टोकियोला असते. दिल्लीहून तिकडे जाताना विमानाला जवळपास ८ तास लागले, परतताना मात्र साडेनऊ. असे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दिल्ली-टोकियो हवाई अंतर जाता-येता सारखेच, सुमारे ५,८५० किलोमीटर आहे; वेळेत फरक पडतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत जाताना विमानाला मागून रेटतो आणि येताना समोरून अडवतो. हिवाळ्यात जपानवर तो विशेष प्रबळ असल्याने हा फरक तेव्हा अधिक जाणवतो. वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात आणि टोकियोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. इंदूर-दिल्ली प्रवास वेगळा धरावा, आणि दिल्लीतील थांबा ऐसपैस ठेवावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.