कोयता लागला तर आधी दाबून धरा, हळद नको

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमची ऊसतोड चालू असताना दिरांच्या पोटरीला कोयता लागला. रक्त थांबेना म्हणून सासूबाईंनी जखमेत हळद आणि चहा पावडर भरली न वर फडकं गुंडाळलं. दवाखान्यात टाके घालायच्या आधी ते सगळं धुवून काढताना ते नुसते कळवळत होते. आम्ही काय करायला हवं होतं? आणि फडात जवळ काय ठेवावं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, सासूबाईंना बोल लावू नका, त्यांनी जे पाहिलं तेच केलं. पण हळद, चहा पावडर, चुना, माती यातलं काहीच उघड्या जखमेत घालायचं नाही, जंतू आत जातात आणि जखम किती खोल आहे तेही दिसत नाही.

वाहतं रक्त थांबतं ते दाबाने. माणसाला आडवं करा, स्वच्छ रुमाल किंवा धुतलेल्या सुती साडीची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर लावून 10 मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही, सगळे तिथेच चुकतात, थांबलं का म्हणून बघायला जातात आणि धरत आलेली गुठळी निघून येते. घडी भिजली तर ती न काढता वरून दुसरी ठेवा. पाय थोडा उंच ठेवा. वर सुतळी किंवा वायर करकचून बांधू नका, बारीक दोरी कातडीत रुतते आणि नसांना इजा होते. रक्त चिळकांड्या उडवत असेल तर एकाने दाबून धरायचं न दुसऱ्याने लगेच 108 ला फोन करायचा. जखमेत काही घुसून बसलं असेल तर ते उपटू नका, आजूबाजूने दाबा.

बोट तुटलंच तर तेही सोबत न्या, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं.

किरकोळ कापलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, बास. खोल जखमेला मात्र त्याच दिवशी दवाखाना, जितकं लवकर तितकं बरं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, म्हणून मातीची जखम आणि शेवटच्या इंजेक्शनला 5 वर्षं होऊन गेलेली असली (किंवा कधी घेतलं ते आठवतच नसलं) तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

जवळ ठेवायला झाकणाचा एक डबा पुरे. त्यात गॉझची (जखमेवर ठेवायच्या जाळीदार सुती कापडाची) सीलबंद पाकिटं भरपूर, चार इंची रोलर बँडेज, चिकटपट्टी, हातमोजे, कात्री, बेटाडिन (जंतुनाशक औषध) आणि जखम धुवायला सलाईनची छोटी बाटली. नुसता कापूस जखमेवर ठेवू नका, त्याचे धागे चिकटून बसतात. आणि डबा घरच्या कपाटात नको, जिथे तोड चालू आहे तिथे सावलीत ठेवा, टोळीतल्या प्रत्येकाला तो कुठे आहे ते माहीत पाहिजे.