ग्रुपवर्कची भीती वाटते म्हणालास, म्हणून

तू विचारलंस, "ताई, सप्टेंबरला इंग्लंडला एमएस्सीला चाललोय. तिकडं ग्रुपवर्क लई असतं म्हणे. इथं ग्रुप म्हणजे मी एकट्यानं राबायचं आणि चौघांची नावं घालायची. तिकडं पण तसंच का?"

व्हिसा, फी, टीबीची तपासणी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते वाच. तिथं सापडणार नाही ते एवढंच, की आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कुठं असतं, कुठं नसतं. निघायच्या आधी हे निस्तर. मी निस्तरलं नव्हतं. बँक म्हणे पत्त्याचा पुरावा आणा, घरमालक म्हणे बँकेचं खातं दाखवा, आणि दोन्हीकडच्या कागदांवर मी वेगवेगळी बाई. सहा आठवडे पैसे उशीखाली ठेवून झोपले. अजून कुठल्या फॉर्मवर 'मिडल नेम' दिसलं की पोटात गोळा येतो. असो.

सांगलीत फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही चौघं होतो. रोल नंबरनं पडलेला ग्रुप. एकाच्या वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत, सौद्याच्या दिवशी तो कॉलेजला फिरकायचाच नाही. उरलेले दोघं व्हायव्हाच्या आदल्या संध्याकाळी "आपला टॉपिक काय गं?" विचारायला आले. कोड माझा, रिपोर्ट माझा, बायंडिंगचे पैसेही माझेच. मार्क चौघांना सारखे. वर्षभर धुमसत होते. पण खरं सांगू का, आतून मला ते आवडायचं. दुसऱ्याच्या हातात दिलं की बिघडणार, हा माझा माज होता.

तोच माज घेऊन इथं आले. पाच जणांचा ग्रुप: दोन चिनी मुली, एक नायजेरियन, एक इंग्रज आणि मी. इथं बऱ्याच कोर्सला पीअर असेसमेंट असतं. ग्रुपला एक मार्क मिळतो, मग प्रत्येकानं बाकीच्यांना गुपचूप गुण द्यायचे आणि त्यावरून आपापला मार्क वर किंवा खाली. फुकट्यांना चाप बसावा म्हणून. मला वाटलं, चला, एकदाचा न्याय मिळणार.

मीटिंगमध्ये मी गप्प. डोक्यात इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. रात्री मात्र बसून सगळ्यांचे भाग पुन्हा लिहायचे, त्यांचे परिच्छेदच्या परिच्छेद पुसून, न विचारता. निकाल लागला तेव्हा पाचात सगळ्यात कमी गुण मला. एक शेरा अजून पाठ आहे: ही काय करते ते कळत नाही, आणि आम्ही केलेलं मोडते. रडत सरांकडे गेले. त्यांनी फक्त विचारलं, "यातलं खोटं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही. त्या इंग्रज पोराला नुसत्या गप्पांचे मार्क मिळाले, असं मात्र मला आजही वाटतं.

गंमत म्हणजे त्याच विषयात आम्हाला रिंगेलमान शिकवला होता. हा फ्रेंच शेतकी इंजिनिअर. १९१३ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ माणसं मिळून जोर लावतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्यानं लावलेल्याच्या जेमतेम निम्मा भरतो. वर्गात सगळे कामचुकारांवर हसले, मी जरा जास्तच हसले. पण रिंगेलमान स्वतः आळसाला फारसा दोष देत नव्हता. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी लागत नाही, मेळ बसत नाही, हे त्याला मोठं कारण वाटत होतं. गावच्या जत्रेत रस्सीखेच बघितली असशील तर तुला वेगळं सांगायला नको.

तर पहिल्याच मीटिंगला कोण काय करणार ते लिहून घे आणि ते टिपण तूच सगळ्यांना पाठव. बोलायला जमलं नाही तरी तू तिथं होतास हे दिसतं. कुणी गायब झालं तर दुसऱ्याच आठवड्यात सांग, शेवटच्या नको. दुसऱ्याचं वाक्य खटकलं तर आधी विचार, मग पूस. मीटिंगनंतर कॉफीला बोलावतील, तेव्हा "अभ्यास आहे" म्हणू नकोस. मी म्हणायचे.

एकटेपणाचंही विचारलंयस. असतो. भडंगाचं पाकीट ने, महिनाभर निघतो.

फक्त ऑगस्ट २०१९ मधल्या सांगलीच्या महापुराचे ते दिवस भडंगावर निघाले नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर. आई-बाबा गावभागात पहिल्या मजल्यावर अडकलेले, दोघांचे फोन बंद. मी इथं ऑफिसच्या जिन्यात बसून नंबर फिरवत होते. चौथ्या दिवशी आईचा फोन आला, नातेवाइकांकडं पोचलो म्हणून. बोट घेऊन कोण आलं होतं? तो हळदवाला. कुणी न सांगता. मी आभार मानायला लागले तर म्हणाला, "राहू दे गं. प्रोजेक्टचं फिटलं."

आता माझी पोरगी आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या बाईंचा मेल आला: ग्रुपमध्ये ही सगळं स्वतःच करते, इतरांना हात लावू देत नाही. आठ वर्षांच्या पोरीबद्दल असं लिहितात! माझं डोकंच फिरलं. तिचं काम सगळ्यांत चांगलं होतं हे कुठंच लिहिलेलं नाही. तासभर बसून मोठं उत्तर लिहिलं. ते अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे.