व्हिनेगर, सोडा आणि मीठ घालून फरशी खरंच स्वच्छ होते का?

तिन्हींबद्दल विचारलंत, पण मी व्हिनेगरपासूनच सुरुवात करते. फरशी मार्बलची असेल तर व्हिनेगर बादलीच्या जवळपासही नको. लिंबूही नको.

आमच्या हॉलमध्ये पांढरा मार्बल आहे. जाऊबाईंनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि रोजच्या पाण्यात व्हिनेगर ओतायला लागल्या. मी तेव्हाच नको म्हटलं होतं. "नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय?" असं उत्तर मिळालं. काही आठवड्यांत चमक गेली, बादली ठेवायच्या जागी फिकट गोल वण उठले. तर म्हणे, हे पाण्यातले क्षार! आणि ते काढायला आणखी व्हिनेगर. शेवटी मी मार्बलचा उरलेला तुकडा घेतला आणि सगळ्यांसमोर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. बारीक बुडबुडे आले. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बघ, फेस येतोय म्हणजे साफ होतंय." अहो, मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. दगड खाल्ला जात होता! पॉलिशवाल्यानेही हेच सांगितलं: हा डाग नाही, पुसून जाणार नाही, घासून पुन्हा पॉलिशच करावं लागेल. क्षारांचा थर असता तर तो वर साचलेला दिसला असता. घरात अजून कोणी हे मान्य करत नाही, म्हणून इथे लिहितेय.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणं तर निव्वळ वाया घालवणं. एक आम्ल, एक अल्कली. फसफसून झालं की उरतं पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. नुसता सोडा ओला करून टाइल्सच्या सांध्यांवर ब्रशने घासा, मळ निघतो. बादलीत चिमूटभर मीठ टाकून जंतू मरत नाहीत, वर वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात.

व्हिट्रिफाइड टाइल्सना पातळ व्हिनेगरने सहसा काही होत नाही, हे खरं. पण सांध्यांतलं सिमेंट झिजतं. साधा सौम्य साबण, तोही थोडाच (जास्त झाला तर चिकट थर राहतो आणि धूळ धरतो), आणि पाणी गढूळ झालं की लगेच बदलायचं. बहुतेक घरांत इथेच कंटाळा होतो.

आणि हो, ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जिवावर बेतू शकतं. इथे मोठ्यांचा मान वगैरे बघत बसू नका, सरळ बादली हातातून काढून घ्या.