झिजलेल्या, स्वस्त जुन्या नाण्यांचा संग्रह घेऊन स्पर्धेत उतरता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिन्याला हजार-दीड हजार बाजूला पडतात, घरात आजोबांची थोडी तांब्याची नाणी आहेत, परदेशी रजिस्ट्री सेट, म्हणजे नाणी तपासणाऱ्या कंपन्यांकडे नोंदवून गुण मिळवलेले संग्रह, पाहून आपणही स्पर्धेत उतरावंसं वाटतं, पण दुकानदार म्हणतो की कोरं, म्हणजे न वापरलेलं, नाणं नसेल तर या नादाला लागू नका.

दुकानदाराला कोरी नाणी विकायची आहेत, हे आधी ध्यानात घ्या. मी इंदूरचा, आणि गेली बरीच वर्षं मुद्दाम वापरलेलीच नाणी जमवतो. स्पर्धेत उतरता येतं. मात्र कुठल्या स्पर्धेत, ते आधी ठरवावं लागतं, कारण खिशाची स्पर्धा आणि नजरेची स्पर्धा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

रजिस्ट्रीचा हिशोब असा. पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकी कंपन्या नाणं तपासतात, त्याला १ ते ७० पैकी एक आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली होती, पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागली. ६० पासून वर ते न वापरलेलं, ५८ आणि खाली ते हातोहात फिरलेलं. ठरलेल्या यादीतली नाणी तुमच्याकडे किती आणि कुठल्या आकड्याची, त्यावर सेटचे गुण ठरतात. साहजिकच जो ६५-६६ ची नाणी विकत घेऊ शकतो तो वर जातो. इथे तुमचा दुकानदार बरोबर आहे.

पण पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत ‘एव्हरीमॅन’ नावाचा प्रकार आहे, त्यात ५८ च्या वरचं नाणं धरतच नाहीत. पैसेवाल्याचं ६६ चं नाणं तिथे कामाचं नाही. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे ‘लोबॉल’. त्यात सगळ्यात झिजलेल्या नाण्याला सगळ्यात जास्त मान! आकडा १, म्हणजे नाणं कुठलं एवढंच ओळखू यावं, बाकी सगळं गुळगुळीत. असं नाणं मिळणं वाटतं तितकं सोपं नाही. इतकं झिजेपर्यंत ते चलनात टिकायला हवं, खाडाखोड नको, भोक नको, आणि साल तरी वाचता यायला हवं. लोक त्यासाठीही भांडतात.

मग आपण आपली नाणी तिकडे का पाठवू नयेत? एक तर तपासणीची फी, जाण्या-येण्याचा खर्च आणि विमा मिळून दोनशे रुपयांच्या पाव आण्याच्या कितीतरी पट होतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तपासून परत आणतो, ही सबब चालत नाही. व्हिक्टोरियाचा पैसा पोस्टाने अमेरिकेला पाठवायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा.

म्हणून आम्ही इंदुरात आपलं आपणच सुरू केलं. सात-आठ जणांचा कट्टा आहे, रामबागेतल्या एका वाड्याच्या ओसरीवर बसतो. नियम वर्षानुवर्षांच्या वादावादीतून तयार झाले. एका नाण्याला पाचशेच्या वर पैसे मोजायचे नाहीत, आणि पावती नसेल तर शपथ चालते (यावर अजून भांडणं होतात). कोरं नाणं बाद. धुतलेलं, घासलेलं नाणं शून्य. सेटचा विषय वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणजे सगळे एकाच यादीमागे लागतात. शेवटी नावं झाकून सेट टेबलावर मांडायचे आणि सगळ्यांनी गुण द्यायचे, स्वतःचा सेट सोडून.

या स्पर्धेत कोण जिंकतो ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. एका वर्षी विषय होता सातव्या एडवर्डचा पाव आणा, १९०३ ते १९१०. एकाने एकेक नाणं चांगलं निवडलं होतं, पण एक लालसर, एक काळं, एक जवळजवळ नवं, एक पार झिजलेलं. दुसरे आमचे निवृत्त मास्तर. त्यांच्या सेटमधलं एकही नाणं एकट्याने पाहिलं तर कुणी हातात घेतलं नसतं. पण सगळी एकाच रंगाची, तपकिरी, आणि झीजही सारखी. राजाच्या कानापाशी, दाढीत, सगळीकडे तेवढीच. ओळीत मांडल्यावर ती एकाच पिशवीतून निघाल्यासारखी दिसत होती. मास्तर हसत हसत जिंकले.

आणि त्यांनी १९०६ ची दोन नाणी ठेवली होती. बाकीच्यांकडे एकच. त्या वर्षी सरकारने पाव आणा तांब्याचा बंद करून ब्राँझचा केला आणि वजनही कमी केलं. तांब्याचं ६.४७ ग्रॅम, ब्राँझचं ४.८६. साल तेच, राजा तोच. रंगावरून झिजलेल्या नाण्यात फरक कळत नाही, पण हातात जाडी कळते आणि काट्यावर तर लगेच कळतं. मास्तरांनी खिशातून सोनाराचा छोटा डिजिटल काटा काढून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता चहा प्यायला लागले. याद्या सगळ्यांनीच वाचल्या होत्या, काटा फक्त त्यांनी आणला होता. तो काटा चारपाचशेत मिळतो. भिंगाच्या आधी तो घ्या.

भिंगही घ्याच, दहा पटीचं. झीज वाचायला शिकणं हाच या खेळाचा निम्मा भाग. अमेरिकेत बार्बर नावाची जुनी चांदीची नाणी आहेत, तिथे लोक राणीच्या… राणी नव्हे, लिबर्टी देवीच्या कपाळपट्टीवरच्या ‘लिबर्टी’ शब्दाची किती अक्षरं वाचता येतात यावर दर्जा ठरवतात. आपल्याकडे तेच काम पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती करतो. राजाच्या छातीवर साखळी आहे, तिच्यात एक इवलासा हत्ती. सोंड, पाय वेगळे दिसले तर नाणं चांगलं. नुसता फुगवटा दिसला तर मध्यम. काहीच नाही तर सपाट. दुकानदार काय म्हणतो ते नंतर ऐका, आधी हत्ती शोधा.

याच हत्तीमुळे स्वस्तात एक नामवंत नाणं तुमच्या हाती लागू शकतं. १९११ मध्ये काढलेल्या रुपयावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड होती की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. न वाटलेले रुपये वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. तो ‘डुकराचा रुपया’ आता आपल्या बजेटच्या बाहेर आहे, आणि त्याच्या नकलाही खूप. पण त्याच साली पाव आण्यावरही तोच हत्ती होता! झिजलेला १९११ चा पाव आणा आजही साध्या माणसाला परवडतो. गोष्ट तीच, धातू फक्त ब्राँझ. लोक रुपयाच्या मागे धावतात आणि हा पाव आणा ढिगात पडून राहतो.

चांदीत शक्यतो पडू नका. राणीछाप आणि त्यापुढचा राजाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळाभर, आणि १९३९ पर्यंत त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. चांदीचा भाव चढला की झिजलेला रुपयासुद्धा सराफ्यात तोळ्याच्या भावाने बोलतो. तुमचं बजेट एका नाण्यात संपेल. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, ते रुपये तुलनेने बरे. पण माझं ऐकाल तर तांब्यातच राहा.

आता सेट कुठला करायचा? सगळ्या ब्रिटिश सालांच्या मागे लागलात तर दहा वर्षांत थकाल. लहान, बंद, पूर्ण होण्यासारखा विषय घ्या. आम्ही ‘माळव्याचं तांबं’ हा विषय केला होता, तो मला आजवरच्या सगळ्यांत आवडला. इंदूरचं शिवाजीराव होळकरांचं नाणं, त्यावर बसलेला नंदी. इंदूरचंच यशवंतराव होळकरांचं १९३५ चं, त्यावर महाराजांचा चेहरा. ग्वाल्हेरचा माधवराव शिंद्यांचा पाव आणा, संवत १९७०. रतलामचा मारुतीचा पैसा. देवासची दोन, कारण देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं एकाच गावात होती आणि १८८८ मध्ये दोघांचीही वेगळी नाणी निघाली. त्यांवर चेहरा व्हिक्टोरियाचा, मागे कुठल्या पातीचं ते इंग्रजी अक्षरांत, एस. बी. किंवा जे. बी. धारचं १८८७ चं, तेही व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचं. आणि सैलान्याची दोन, १९०८ चं एडवर्डचं आणि १९१२ चं जॉर्जचं. नऊ नाणी, सात राजे-रजवाडे, एकच धातू.

ग्वाल्हेर माळव्यात कुठे येतं, असा आक्षेप आमच्यातही आला. उज्जैन आणि मंदसौर शिंद्यांकडे होतं, त्यामुळे मताने ठराव मंजूर झाला. तुम्ही बडोद्याच्या बाजूचे असाल तर गायकवाडांच्या सयाजीरावांचे पैसे घ्या, ते भरपूर मिळतात.

ग्वाल्हेर आणि रतलाम तुमच्या महिन्याच्या पैशात सहज बसतात. देवास, धार, सैलाना चढे आहेत, तिथे थांबावं लागेल. थांबणं हाच फायदा आहे. कोऱ्या नाण्यांवर लोक तुटून पडतात, झिजलेल्या देवासवर नाही. संवतातून साल काढायला ५७ वजा करा, तेवढं पुरतं.

ही नाणी मिळतात कुठे? आमच्याकडे बर्तन बाजारात आणि भंगारवाल्यांकडे तांबं वजनावर येतं, त्यात अधूनमधून निघतात. भंगारवाला स्वतःहून जास्त भाव सांगत नाही, पण तुम्ही एकच नाणं उचलून भिंग लावलंत की लगेच भाव वाढवतो. म्हणून मूठभर घ्या, घरी जाऊन बघा. नाण्यांच्या प्रदर्शनात दुपारनंतर जा, दुकानदाराला ढीग परत न्यायचा कंटाळा आलेला असतो.

आजोबांची नाणी मात्र घासू नका. चिंच, मीठ, भांड्यांची पावडर, काहीही नको. तपकिरी थर म्हणजेच त्या नाण्याचं वय, तो गेला की उरतो तो चकचकीत गुलाबी तुकडा, आणि आमच्या टेबलावर शून्य. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवा, कापडाने चोळू नका. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, पीव्हीसीमुळे त्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर चांगले.

दोन सापळे. एक, रामदरबार किंवा मारुती असलेलं, १८१८ साल लिहिलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं’ नाणं. कंपनीने तसलं काही कधी काढलंच नाही, रतलामच्या मारुतीशी त्याचा संबंध नाही. दोन, ‘शेतात खणताना हंडा सापडला’ म्हणणारा. बहुतेक वेळा ते खोटं असतं, आणि खरं असेल तर जास्त वाईट, कारण १८७८ च्या कायद्याने असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तुमच्या जुन्या नाण्याला लाखो देतो असा फोन आला तर ठेवून द्या. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल इशारा दिला होता.

तुमच्या गावात चार जण जमवता आले तर रजिस्ट्रीची गरजच पडणार नाही. नाही जमले तर आजोबांच्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो इथेच टाका, वजनासकट. आणि त्यात सैलान्याचं १९०८ चं निघालं तर आधी मला कळवा, माझ्या सेटमध्ये ते अजून नाही. बदल्यात देवासची धाकटी पाती देईन, माझ्याकडे एक जास्तीची आहे.