जुने कोड्यांचे ॲडव्हेंचर गेम इतके आवडतात, तरी खेळताना चिडचिड का होते?
आवडतात ते शोधाच्या आनंदासाठी. 'मिस्ट' (१९९३) घ्या. बेटावर तुम्ही एकटे, काय करायचं हे कुणी सांगत नाही. गेमच्या खोक्यात टिपणं काढायला चक्क कोरी वही द्यायचे. चिन्हं, आवाज यांचा मेळ बसला की जे वाटतं, ते मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळालेलं नाही.

चिडचिड होते ती कोड्याचा तर्क फक्त बनवणाऱ्याच्या डोक्यात असला की. 'मंकी आयलंड २' (१९९१) मध्ये धबधब्याचा पंप बंद करायला ताठरलेलं माकडच पाना म्हणून वापरायचं, कारण अमेरिकेत अशा पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. आपण पाना किंवा स्पॅनर म्हणणारे, आपल्याला हे सुचणार कसं? तिथे अडलात तर उत्तर खुशाल बघा. 'मिस्ट'चं मात्र बघू नका.