तांबी बसवावी का?

प्रश्न : माझे वय 29 असून मुलगी दोन वर्षांची आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनी मला मळमळ व डोकेदुखी होत असे. तांबीत हार्मोन नसतात, हे खरे का? ती पोटात वर सरकते, असे सासूबाई म्हणतात.

उत्तर : होय, तांबीत हार्मोन नसतात. तिच्यावरील तांब्याचे सूक्ष्म अंश गर्भाशयात सतत मिसळत राहतात आणि त्यांमुळे शुक्राणू निष्प्रभ होऊन गर्भधारणा टळते. ‘कॉपर-टी 380 ए’ हा प्रकार 10 वर्षे चालतो, सरकारी रुग्णालयांत तो विनामूल्य बसवतात, आणि मूल हवे झाल्यास तांबी काढताच गर्भधारणेची शक्यता पूर्ववत होते.

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही, पण नीट बसलेली तांबी पोटात फिरत नाही. बसवताना क्वचित गर्भाशयाला छिद्र पडून ती पोटात जाऊ शकते, म्हणून ती प्रशिक्षित हातांनीच बसवून घ्यावी. ती आपोआप बाहेर पडण्याची शक्यता त्याहून अधिक असते, तीही मुख्यतः पहिल्या वर्षात. यासाठी पाळीनंतर योनीत उतरणारा तिचा दोरा बोटाला लागतो का, ते पाहावे.

खरा विचार करायचा तो रक्तस्रावाचा. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोटातही दुखते. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या अंगात मुळातच रक्त कमी असते, तेव्हा हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या. पाळी चुकली, ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.